मरीयेला साडी कोणी नेसवली?

नाताळ जवळ आला की एक चित्र मोबाइलवरून फिरायला लागतं. सावळी, सडपातळ बाई, डोक्यावरून पदर, मांडीवर बाळ आणि दोघांच्या मस्तकामागे तेजोवलय. चित्रकार कधी हा असतो, कधी तो. प्रतिक्रिया मात्र ठरलेल्या. कुणी लिहितं, ‘ही धर्मांतराची नवी युक्ती.’ आणि एखाद्या ख्रिस्ती घरातूनच कुणी लिहितं, ‘आमच्या माउलीचं हे काय करून ठेवलंय?’

२०१३ साली हा वाद झारखंडात रस्त्यावर आला. रांचीजवळ धुर्वा भागातल्या एका चर्चने मरीयेची, म्हणजे येशूच्या आईची, मूर्ती बसवली. लाल काठाची पांढरी साडी नेसलेली आणि आदिवासी बाया बांधतात तसं बाळ झोळीत बांधलेली. सरना हा निसर्गपूजक धर्म पाळणाऱ्या आदिवासींनी मोर्चे काढले. ही साडी आमची खूण आहे, ती तुमच्या मूर्तीवर नको, असं त्यांचं म्हणणं. चर्चने उत्तर दिलं की इथले ख्रिस्तीही आदिवासीच आहेत, त्यांच्याही आया हीच साडी नेसतात.

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा विषय ‘चालतं’ किंवा ‘चालत नाही’ म्हणून मिटवता येत नाही. तो नीट समजायला सतराशे-अठराशे वर्षं मागे जावं लागतं.

येशू दिसायला कसा होता?

बायबलमध्ये याचं उत्तर नाही. येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं त्याचं बोलणं, चालणं, जेवणं, रडणंसुद्धा सांगतात. पण उंची, रंग, केस, डोळे यांबद्दल त्यांत अवाक्षर नाही. मरीयेच्या रूपाबद्दलही नाही. गालील प्रांतातलं यहुदी सुताराचं घर एवढाच धागा हाती लागतो आणि त्यावरून गव्हाळ वर्णाची, काळ्या केसांची माणसं डोळ्यांसमोर येतात. त्यापुढचं सगळं चित्रकारांनी भरलं.

येशूची सर्वांत जुनी म्हणता येतील अशी काही चित्रं सिरियातल्या दुरा-युरोपस या गावी सापडली. एका राहत्या घराचंच तिथे चर्च केलं होतं. इसवी सन २५६ च्या सुमारास ते गाव पडलं, म्हणजे चित्रं त्याआधीची. त्यांत येशू मेंढपाळ आहे, खांद्यावर मेंढरू घेतलेला. रोमच्या भुयारी दफनभूमीतही असाच बिनदाढीचा, आखूड अंगरख्यातला तरुण मेंढपाळ भेटतो. खांद्यावर पशू घेतलेला तरुण ही आकृती रोमन कलेत आधीपासून होती. ख्रिस्ती चित्रकारांनी ती शेजारातून उचलली आणि तिला नवा अर्थ दिला.

लांब केस आणि दाढी स्थिरावली ती चौथ्या शतकानंतर, रोमन सम्राटांनी हा धर्म जवळ केल्यावर. मेंढपाळाचा राजा झाला. आणि आपल्याकडे अनेक घरांत जी तसबीर दिसते, मऊ प्रकाशातला, तपकिरी-सोनेरी केसांचा, थोडा वर पाहणारा येशू, ती बहुतेक वेळा वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकाराने १९४० मध्ये रंगवलेल्या चित्राची प्रत असते, नाहीतर त्याच धाटणीची नक्कल. त्या चित्राच्या कोट्यवधी प्रती निघाल्या. ज्याला आपण ‘मूळ’ चेहरा समजतो, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकेतला आहे.

पण देवाचं चित्र काढू नये, असं बायबलच सांगतं ना?

सांगतं. दहा आज्ञांमध्ये कोरीव मूर्ती करू नका, त्यांना नमन करू नका, असं स्पष्ट आहे. या आज्ञेवरून ख्रिस्ती जगात मोठी भांडणं झाली. आठव्या शतकात बायझंटाईन सम्राट तिसरा लिओ याने चित्रांविरुद्ध पाऊल उचललं. चित्रं फोडली, पुसली गेली. मधला काही काळ सोडला तर ८४३ पर्यंत हे चाललं.

त्या काळात दमास्कसच्या योहान नावाच्या साधूने जी बाजू मांडली, ती या सगळ्या विषयाची किल्ली आहे. त्याचा मुद्दा असा: देव अदृश्य होता तोवर त्याचं चित्र काढणं शक्यच नव्हतं. पण देवाने येशूच्या रूपात माणसाचा देह घेतला, असं तुम्ही मानता ना? मग देह दिसतो. आणि जे दिसतं ते रंगवता येतं. यालाच देहधारण म्हणतात. धर्मशास्त्रातला हा एकच शब्द पुढे लागणार आहे. ७८७ मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मसभेने निवाडा दिला की चित्राला मान द्यावा, आराधना मात्र फक्त देवाची. चित्राला दिलेला मान चित्रात अडकत नाही, ज्याचं चित्र त्याच्याकडे जातो.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी हा प्रश्न पुन्हा उकरला. त्यामुळेच वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक चर्चमध्ये सोनेरी वेदी आणि मूर्ती दिसतात आणि अहमदनगरकडच्या अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये भिंती साध्या. साध्या भिंतींच्या त्या परंपरेत चित्राचं काम गाण्याने केलं. नारायण वामन टिळक त्याच परंपरेतले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणलं. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’मध्ये त्यांची पदं आजही आहेत. टिळकांच्या पदाला टाळ वाजतो तेव्हा कुणी बिचकत नाही आणि मरीयेला साडी दिसली की बिचकतात, याचा विचार करायला हवा. कान डोळ्यांपेक्षा लवकर सवय लावून घेतात, असं मला वाटतं.

मरीया साडी नेसत नव्हती. मग हे खोटं नाही का?

वस्त्रांच्या हिशेबाने खोटंच. पण मग युरोपातली बहुतेक थोर चित्रंही खोटी ठरतात. पीटर ब्रुगेलने १५६६ मध्ये बेथलेहेमच्या शिरगणतीचं चित्र काढलं. शुभवर्तमानात गोष्ट आहे ती नाव नोंदवायला गावी निघालेल्या योसेफाची आणि गरोदर मरीयेची. ब्रुगेलने बेथलेहेम रंगवलं ते त्याच्या फ्लँडर्समधलं खेडं म्हणून. सगळीकडे बर्फ, गोठलेल्या पाण्यावर खेळणारी पोरं, खानावळीच्या खिडकीशी कर भरायला लोटलेली गर्दी. मरीया गाढवावर बसून त्या गर्दीतून जाते आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्षही नाही. पॅलेस्टाइनचा त्यात मागमूस नाही. पण परक्या सत्तेने गावाला नाव नोंदवायला लावलं की कसं वाटतं, हे त्या गावकऱ्यांना ते चित्र पाहून लगेच कळलं असणार, कारण त्या वेळी त्यांच्यावर राज्य स्पेनच्या राजाचं होतं.

अशी चित्रं ‘त्या दिवशी काय घडलं’ याचा पंचनामा करत नाहीत. ही गोष्ट माझ्या दारात घडली असती तर, असं ती विचारतात. देहधारणावर विश्वास ठेवणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. देह म्हटला की त्याला आई आली, भाषा आली, रंग आला आणि कपडेही आले. इटलीच्या मरीयेला इटालियन झगा चालतो आणि साडी मात्र ‘वेशांतर’ ठरते, हा न्याय मला पटत नाही.

कलम आणि नुसती बांधलेली फांदी

धर्म जिथे जातो तिथल्या भाषेत, गाण्यात, रंगांत, चालीरीतींत रुजतो, या प्रक्रियेला चर्चच्या परिभाषेत ‘इन्कल्चरेशन’ म्हणतात. शब्द जड आहे, यापुढे मी ‘रुजणं’ एवढंच म्हणेन.

कोकणातल्या माणसाला हे हापूसच्या कलमावरून सांगता येईल. गावठी कोयीचं रोप वाढवायचं, त्यावर हापूसची काडी बांधायची, दोन्हींच्या साली जुळल्या की रस खालून वर चढतो. फळ हापूसचंच, पण पाणी पाजणारं मूळ इथलं. हापूस हे नावही पोर्तुगीज अफोन्सोवरून आलेलं आणि आंब्याच्या कलमांना बहर आला तो पोर्तुगीज काळातल्या गोव्यातच. पण फांदी नुसती दोरीने बांधून ठेवली तर चार दिवस हिरवी दिसते आणि मग वाळते. साडीतली मरीया पाहताना विचारायचं ते हेच, की हे कलम आहे की बांधलेली फांदी? चित्रकार त्या साडीच्या घरातला आहे की बाहेरून येऊन त्याने ती चढवली आहे?

गोव्यात हा प्रयोग चारशे वर्षांपूर्वी झाला

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा. तो १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि उरलेलं आयुष्य बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिला. १६१६ मध्ये राशोलला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, तीत कोंकणीची मिसळण. हे का लिहिलं, ते ग्रंथातच येतं. आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काहीतरी द्या, अशी मागणी नवख्रिस्ती लोकांतूनच होते. ज्ञानेश्वरांच्या छंदात येशूची कथा आली, स्वर्गाला वैकुंठ हा शब्द आला. मराठीची जी स्तुती स्टीफन्सने केली, तिला तोड नाही.

पण ही गोष्ट इतकीच सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या साष्टीत हे पुराण गायलं गेलं, तिथली देवळं १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलेलं होतं. लोकांना पुराणाची भूक लागली, कारण त्यांच्या हातातलं पुराण काढून घेतलं होतं. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं होतं, असं त्याची ओवी वाचताना मला पदोपदी जाणवतं. आणि ज्या सत्तेच्या छायेत तो लिहीत होता, ती निर्दय होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

त्याच गोव्यात कारागिरांच्या हातून एक वेगळीच वस्तू घडत होती, आणि मला ती ग्रंथाहूनही बोलकी वाटते. सतराव्या शतकातली हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळा’ची मूर्ती. वीतभर उंचीचा डोंगर, त्याच्या माथ्यावर बसलेला बाल येशू. डोळे मिटलेले, एक पाय दुसऱ्यावर, गाल एका हातावर टेकलेला. खाली पायरीपायरीने झरा, मेंढरं आणि तळाशी गुहेत पहुडलेली मग्दालियाची मरीया, म्हणजे येशूची आई नव्हे, त्याची शिष्या. युरोपात बाल येशू असा ध्यानस्थ बसलेला सहसा आढळत नाही. हे मिटलेले डोळे इथल्या हातांनी दिले. बुद्धाच्या किंवा एखाद्या योग्याच्या मूर्तीची सवय असलेल्या हातांना ध्यानस्थ देव कसा बसतो ते शिकवावं लागलं नाही. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मसभेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती प्रतिमा करून घेऊ नयेत, असं ठरवलं होतं. तरी काम चालू राहिलं. लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत या मूर्ती आज आहेत, कोरणाऱ्यांची नावं मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.

आंजेलो द फोन्सेका: साष्टांग दंडवत घालावा असा माणूस

आता साडीकडे येऊ. हे चित्र ज्याने सर्वांत मनापासून काढलं तो गोव्याचाच. आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२, तिसवाडीतल्या सांत इस्तेव्हच्या बेटावर. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, पण तिथली युरोपीय तालीम त्याला पुरेना. तो बंगालला गेला आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस या चित्रकारांकडे शिकला.

तिथे तो जलरंगाची ‘वॉश’ पद्धत शिकला. कागदावर रंग द्यायचा, वाळू द्यायचा, मग अख्खा कागद पाण्यात भिजवायचा. वरवरचा रंग निघून जातो, धाग्यांत शिरलेला राहतो. पुन्हा रंग, पुन्हा पाणी. असं कितीतरी वेळा. त्यामुळे चित्रात उजेड बाहेरून पडल्यासारखा न वाटता आतून झिरपल्यासारखा वाटतो. ही ‘अस्सल भारतीय’ पद्धतही अवनींद्रनाथांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांकडून उचलली होती. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

फोन्सेका गोव्याला परतला आणि साडीतल्या, सावळ्या वर्णाच्या मरीया काढू लागला. रोष पत्करावा लागला तो त्याच्याच कॅथलिक समाजाचा. हा रोष एवढा का होता, ते कळायला १७३६ मधलं इन्क्विझिशनचं फर्मान पाहावं. त्यात ख्रिस्ती पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अंगणात तुळस लावू नये, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये, इथपर्यंत मनाया होत्या. भाताच्या मिठापर्यंत ज्यांच्या घरात सत्ता शिरली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना साडी म्हणजे मागे सोडून दिलेली, धोक्याची वस्तू वाटली तर नवल नाही. देवाच्या आईच्या अंगावर ती पाहून त्यांना बेअदबी वाटली. त्यांना हसू नये. दोनशे वर्षांची भीती होती ती.

फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आला आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहू लागला. हा आश्रम अँग्लिकन, म्हणजे रोमच्या पोपला न मानणाऱ्या इंग्लंडच्या चर्चचा, जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने १९२२ मध्ये सुरू केलेल्या संघाचा. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून नावाजलेले व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघातर्फे. कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकनांकडे. मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या फादर हेन्री हेरास या जेझुइट इतिहासकाराने मात्र त्याची पाठराखण केली. १९६७ मध्ये फोन्सेका गेला.

परकी वस्तू देशी कागदात गुंडाळून विकायला तो निघाला नव्हता. आपली आई, आपली बायको, आपल्या गावच्या बाया ज्या रंगाच्या आहेत त्या रंगात त्याला प्रार्थना करायची होती. कलम म्हणतात ते हेच.

मग चर्चने हे कधी मान्य केलं?

जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात म्हटलं आहे की चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली स्वतःची म्हणून स्वीकारलेली नाही. म्हणजे युरोपीय शैली हीच ख्रिस्ती शैली, हा समज अधिकृतपणे मोडीत निघाला. १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी सुचवलेले बारा बदल रोमने मंजूर केले: जोडे काढून येणं, हात जोडून वंदन, जमिनीवर बसणं, समया, आरती वगैरे. त्यावरही बरीच वादळं उठली, विशेषतः जुन्या कॅथलिक वस्त्यांत.

ही धर्मांतराची युक्ती आहे का?

ही शंका घेणाऱ्याला वेड्यात काढू नये. सोळाव्या-सतराव्या शतकात रुजवण्याचे काही प्रयत्न सरळ धर्मप्रसारासाठीच झाले. मदुरेला रॉबर्ट डी नोबिली या इटालियन पाद्र्याने संन्याशाचा वेश घेतला तो त्यासाठीच. हा इतिहास लपवून काही साधत नाही.

पण मग हेही पाहावं की साडीतल्या मरीयेचं चित्र लागतं कुठे. चर्चच्या आत, आश्रमात, ख्रिस्ती घराच्या भिंतीवर. ते पाहणारा पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच असतो. चित्र त्याला सांगतं की तू इथलाच आहेस, देवापुढे जाताना तुला तुझी आजी दाराबाहेर ठेवावी लागणार नाही. एरवी ख्रिस्ती माणसाला ‘तुम्ही परके’ म्हणायचं आणि त्याने साडी रंगवली की ‘तुम्ही लबाड’ म्हणायचं, हे दोन्ही एकदम करता येत नाही.

उलट बाजूचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांमधलाच, आक्षेप दोन धर्मांच्या सरमिसळीचा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, तेव्हा हिंदू तत्त्वज्ञानाचा गडद रंग असलेले शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले. शब्दाबरोबर त्याचा जुना अर्थही घरात येतो, ही त्यांची भीती रास्त होती. टिळकांनी तेच शब्द मिठी मारून घेतले. दोघंही खरे भक्त, दोघंही मोठे. हा वाद मिटलेला नाही आणि मिटलाच पाहिजे असंही नाही.

कोणाची साडी?

सर्वांत बोचरा प्रश्न आतूनच आला. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्र्याने तो मांडला. भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित आणि आदिवासी समाजांतून आलेले. आणि ‘भारतीय ख्रिस्ती’ विचार म्हणून जे पुढे येतं त्यात मात्र वेदान्त, संन्यास, संस्कृत. ज्या घरांना शतकानुशतकं देवळाच्या दारात उभं केलं नाही, त्यांच्यासाठी कमळ आणि ॐ म्हणजे रुजणं की पुन्हा त्याच दाराबाहेर उभं राहणं? नगर-जालन्याकडच्या चर्चमध्ये ढोलकी-टाळावर जे गाणं उठतं, त्याला कोणत्याही धर्मसभेच्या परवानगीची गरज लागली नव्हती. ते खालून आलं. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, आणि आश्रमातल्या देखण्या चित्रांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो वारंवार ऐकावा.

रांचीच्या मूर्तीकडेही आता वेगळ्या नजरेने पाहता येतं. ती साडी तिथल्या ख्रिस्ती बायांची आहे, यात शंका नाही. पण सरना मानणाऱ्यांना जनगणनेत स्वतःचा वेगळा रकाना नव्हता. तो मिळावा म्हणून झारखंड विधानसभेने २०२० मध्ये ठराव केला. ज्यांच्या धर्माला कागदावर नाव नाही, त्यांच्याकडे ओळख म्हणून साडीचा काठ, झाड, सण एवढंच उरतं. तो काठ मोठ्या, संघटित धर्माच्या मूर्तीवर गेला की त्यांना आपण पुसले जातोय असं वाटतं. फोन्सेकाची साडी आणि रांचीची साडी दिसायला सारख्या. पहिलीत एकटा चित्रकार स्वतःच्या समाजाशी बोलत होता, दुसरीत शेजारचं लहान घरही ऐकत होतं. साडी आपलीच असली तरी शेजाऱ्याला आधी विचारायला हवं होतं, असं माझं मत आहे.

फोन्सेकाची चित्रं पाहायची असतील तर गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे त्यांचा मोठा संग्रह आहे, आणि काही मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या हेरास इन्स्टिट्यूटमध्ये. मोबाइलवर वॉशचे थर अजिबात कळत नाहीत. कागदाजवळ जाऊन पाहा.